रामपत्रीच्या मागावर सहा दिवस

दर एप्रिलमध्ये आत्याबरोबर लालबागला मसाला करायला जायचं, हा आमच्या घरचा रिवाज. मिरच्या निवडायच्या, खडा मसाला तोलून घ्यायचा, भाजायचा आणि डंकावर उभं राहून कुटून घ्यायचा. आत्याच्या वहीत तिच्या सासूबाईंच्या हाताची यादी आहे. धणे, दगडफूल, नाकेशर, त्रिफळ, जायपत्री आणि शेवटून तिसरी रामपत्री. ‘एक तोळा’ एवढंच पुढे लिहिलंय. यंदा दुकानदाराने पुडी बांधता बांधता म्हटलं, “माल पूर्वीसारखा येत नाही ताई. कर्नाटकातून येतो, तोही कमी.”

मी पुडी उघडून पाहिली. लालसर तपकिरी, लांब, बोटांसारख्या चिरलेल्या पाकळ्या. जायपत्रीसारख्याच, पण वास अगदी पुसट. हे कशाचं फूल, असं विचारलं तर दुकानात कोणालाच सांगता येईना. आत्यालाही नाही. चाळीस वर्षं ती रामपत्री घालतेय.

घरी येऊन शोधलं. ते फूल नव्हतंच. जायफळाच्या बीवर जशी जायपत्री असते, तशी ही एका रानटी जायफळाच्या बीवरची जाळी. जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांचं. रामपत्री मात्र आपल्या सह्याद्रीची, कोकणापासून केरळपर्यंतच्या सदाहरित रानातली, आणि जगात इतर कुठेही नसलेली. शास्त्रीय नाव मिरिस्टिका मलबारिका. जुन्या व्यापारात हिला ‘बॉम्बे मेस’ म्हणत, कारण मुंबईच्या बंदरातून निघालेली ही स्वस्त पत्री खऱ्या जायपत्रीत मिसळली जायची. आज हे झाड धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ वर्गात आहे. ज्या झाडाचा तोळाभर भाग माझ्या आमटीत गेली कित्येक वर्षं पडतोय, ते मी पाहिलेलंच नाही, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देईना. मे महिन्यात सहा दिवस काढले आणि निघाले.

पहिला दिवस : सावंतवाडी ते दोडामार्ग

पहाटे सावंतवाडीला उतरले. मैत्रिणीचे मामा दोडामार्ग तालुक्यात राहतात, ते स्टेशनवर घ्यायला आले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मध्येच दाट रान आणि मध्येच एका रेषेत उभी रबराची झाडं. प्रत्येक खोडाला चिकाची वाटी बांधलेली. मामा म्हणाले की ही सगळी डोंगरउतरणी त्यांच्या लहानपणी रानाची होती. रान साफ करून रबर आणि अननस आला. रबराखाली पाचोळा होता, पण पक्ष्यांचा आवाज जवळजवळ नव्हता. हे मला गाडीतूनही जाणवलं.

संध्याकाळी मामींनी सोलकढी दिली. रामपत्रीबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, “ती मसाल्यातली ना? ती बाजारातसून हाडतव.” झाड त्यांच्या घरापासून काही कोसांवर आहे, तरी पत्री बाजारातून.

दुसरा दिवस : बांबर्डे

या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण असं ठिकाण मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

हेवाळे-बांबर्डे या गावांच्या हद्दीत एक देवराई आहे. गावात तिला कानळाची राई म्हणतात. राईच्या तोंडाशी मामा थांबले. “चपला हयसरच काढ. आणि काय उचलूचा नाय. पान पण नाय.” मी अनवाणी झाले. दहा पावलांत पायाखालची माती बदलली. बाहेर मे महिन्याचं कोरडं, भेगाळलेलं भाताचं शेत, आणि आत घोट्यापर्यंत थंडगार चिखल. झऱ्याचं पाणी बारा महिने इथल्या सखल जमिनीत मुरत राहतं.

त्या चिखलातून मुळं वर आली होती. जमिनीतून निघून हातभर वर उठायचं, कमान करून वाकायचं आणि पुन्हा चिखलात शिरायचं. एक कमान संपते तिथे दुसरी सुरू. काही खोडांना तर बुंध्याच्या वरूनच आधाराची मुळं फुटलेली, जणू झाड पाण्यात पाय रोवून उभं आहे. सतत पाणी साचलेल्या मातीत हवा नसते. मुळांना श्वास घ्यायचा तर त्यांना बाहेर यावंच लागतं. म्हणून ही गुडघे मुडपलेली मुळं. मी एका कमानीवर तळवा टेकवला. गार होती, आणि खरखरीत.

ही झाडं रामपत्रीची सख्खी भावंडं, मिरिस्टिका मॅग्निफिका जातीची. लाल यादीत ती आणखी वरच्या धोक्यात, म्हणजे ‘संकटग्रस्त’ आहेत. रामपत्री दलदलीच्या कडेलाही येते आणि साध्या सदाहरित रानातही तग धरते. मॅग्निफिकाला मात्र हा चिखलच हवा. चिखल गेला की झाड गेलं. भारतात अशा जंगली जायफळांच्या दलदलींची पहिली नोंद १९६० साली त्रावणकोर भागातून झाली. केरळात त्यांचे साठेक तुकडे उरलेत, आणि ते सगळे एकत्र केले तरी जेमतेम दीड चौरस किलोमीटर भरतात. महाराष्ट्रात अशी दलदल आहे हे अभ्यासकांच्या लेखी आलं ते २०१८ साली, या राईमुळे. २०२१ मध्ये राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. क्षेत्र २.५९ हेक्टर. म्हणजे साडेसहा एकरही पुरते नाहीत. मामांची स्वतःची काजूची बाग साधारण तेवढीच आहे.

सखल जमीन आणि बारमाही पाणी या दोनच गोष्टी ही झाडं मागतात, आणि भातखाचरालाही नेमक्या त्याच लागतात. सुपारीच्या बागेलाही. त्यामुळे सह्याद्रीभर या दलदली आधी चर खणून वाळवल्या गेल्या आणि मग त्यावर शेती-बागा आल्या. ज्याने केलं त्याला पोट होतं, त्याला मी दोष देणार नाही. पण इथे ते झालं नाही, कारण इथे देव होता.

“ह्या राईत कोयतो चलणा नाय,” मामा म्हणाले. मी विचारलं, औषधालाही काही नेत नव्हते का? ते जरा थांबले. “औषधाक व्हया असला तर गाऱ्हाणा घालूचा. देवाक सांगून घेवचा. ता पण पडलेला.”

हे वाक्य मी तिथेच वहीत उतरवलं. झाडावरचं तोडायचं नाही, पडलेलं घ्यायचं, आणि घेण्याआधी कुणाला तरी विचारायचं. वनखात्याने अशी नियमावली करायची ठरवली तर तिला चार पानं लागतील.

बाहेर पडताना एक फळ दिसलं. लिंबाएवढं, वर तांबूस मखमलीसारखी लव, मधोमध उकललेलं. आत बी नव्हती, कुणीतरी आधीच नेली होती. उचलण्यासाठी हात पुढे गेला होता, तो मागे घेतला.

तिसरा दिवस : सत्तरी

दोडामार्गहून गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर. डिचोली, मग वाळपई, आणि पुढे ब्रह्मकरमळीच्या बाजूने बांबर. काल बांबर्डे, आज बांबर. इथे निरंकाराची राय आहे. गोव्यात देवराईला ‘राय’ म्हणतात. निरंकार म्हणजे आकार नसलेला देव. मूर्ती नाही, तर झाडांमध्येच देव.

इथेही तीच मुळं, तोच चिखल, पण राई अधिक अंधारी. आम्ही तासभर बसून होतो. वरून पंखांचा मोठा आवाज आला, वाफेचं इंजिन दूर जाताना येतो तसा, आणि एक धनेश झाडांच्या शेंड्यांवरून निघून गेला. या कुळाच्या झाडांचं आणि धनेशाचं जुनं देणंघेणं आहे. फळ पिकून उकललं की आत काळसर बीवर रंगीत पत्रीची जाळी दिसते. पक्षी बी गिळतो, पत्री पचवतो आणि बी दूर कुठेतरी अख्खी टाकतो. ती पत्री म्हणजे झाडाने पक्ष्याला दिलेली मजुरी. आपण मसाल्यासाठी आणि औषधासाठी जी गोळा करतो, ती हीच.

त्या रायेत बसून पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की आत्याच्या यादीतला तो एक तोळा कुणाच्या तरी वाट्याचा आहे.

चौथा दिवस : मडगाव, होन्नावर, कत्तलेकान

मडगावहून सकाळची गाडी. कारवारनंतर डबा रिकामा झाला. खिडकीशी बसून वाचत होते. सतराव्या शतकात कोचीच्या डच गव्हर्नराने, हेंड्रिक व्हान ऱ्हीडने, मलबारच्या वनस्पतींचा जो बारा खंडांचा ग्रंथ करून घेतला, त्यात रामपत्रीचं झाड ‘पनमपालका’ या नावाने आलेलं आहे. त्या ग्रंथाच्या कामात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर तीन कोंकणी वैद्य होते : रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलंय, १६७८ सालच्या. म्हणजे हे झाड औषधी म्हणून कागदावर आणण्यात आपल्या किनाऱ्याच्या माणसांचा हात होता. मग साडेतीनशे वर्षांनी लालबागेत ते कुणालाच का माहीत नसावं?

होन्नावरला उतरून जोगच्या रस्त्याला लागलो. सोबतीला शरावती नदी, मग गेरसोप्पा. इथली राणी चेन्नभैरादेवी, जिला पोर्तुगीज ‘मिरीची राणी’ म्हणायचे. मसाल्याचा मुलूख तो हा. घाट चढला की सिद्दापूर तालुक्यात कत्तलेकान लागतं. कन्नडमध्ये कत्तले म्हणजे अंधार, कान म्हणजे दाट सदाहरित रान. परवानगी घेतली होती, वनरक्षक सोबत आले.

दुपारचे साडेतीन, आणि आत संधिप्रकाश. ओढ्याच्या दोन्ही काठांना गुडघ्यांच्या मुळांची गर्दी. वनरक्षकांनी एका झाडापासून मला लांब उभं केलं. ते झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं, सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस. याच रानातून २००० साली जगाला ते कळलं आणि रानाचंच नाव त्याला मिळालं. बिब्ब्यासारखाच त्याचा चीक अंगावर उततो, म्हणून लांब. इतकं मोठं झाड विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत नोंदीविना राहू शकतं, यावरून किती काही न बघताच वाळवून टाकलं असेल याचा अंदाज येतो आणि जीव कळवळतो.

परतताना शेंड्यांवरून एक खोल हुंकार आला. सिंहपुच्छ वानर. रानटी जायफळाची फळं त्यांच्याही खाण्यात आहेत. त्यांच्यासाठी २०११ साली अघनाशिनीच्या खोऱ्यात संवर्धन राखीव क्षेत्र झालं, आणि त्यांच्या आडोशाने या दलदलीही वाचल्या. दिसले नाहीत. फांद्या हलल्या, एवढंच.

पाचवा दिवस : सिद्दापूरजवळची बाग

अखेर रामपत्री भेटली ती एका सुपारीच्या बागेच्या वरच्या अंगाला. ओळखीतून एका बागायतदार कुटुंबाकडे उतरले होते. इथे प्रत्येक बागेला लागून ‘बेट्टा’ असतो, म्हणजे पालापाचोळ्याच्या खतासाठी राखलेलं रान. जमीन सरकारची, पण पाला घेण्याचा हक्क बागेच्या मालकाचा. त्यांच्या बेट्ट्यात रामपत्रीची सात झाडं आहेत.

पहिलं झाड पाहिलं तेव्हा बराच वेळ मान वर करून उभी राहिले. सरळ, उंच, काळपट हिरवं खोड, आडव्या फांद्या, लांबट गडद पानं. मालकांनी नखाने सालीवर एक ओरखडा काढला. क्षणभराने तांबडा चीक पाझरला, अगदी रक्तासारखा. त्यांनी लगेच अंगठ्याने तो दाबून धरला.

हंगाम सरत आला होता. खाली पडलेल्या फळातली बी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. लांबट बी, आणि तिच्यावर बोटांनी कवटाळल्यासारखी पिवळट तांबूस पत्री. ताजी पत्री ओलसर, मऊ असते. वाळली की तिचा रंग गडद होतो आणि ती आपल्या ओळखीची होते.

“सातातली तीनच फळं देतात,” ते हिंदीत म्हणाले. “बाकीची नर.” रामपत्रीत नर आणि मादी झाडं वेगळी. फुलल्याशिवाय ओळखता येत नाही, आणि फुलायला वर्षानुवर्षं जातात. नर झाड फळ देत नाही म्हणून ते तोडणारेही आहेत. मग मादीला पराग कुठून मिळणार?

मी विचारलं, माल कमी का झाला? ते सरळ बोलले. बेट्ट्यातल्या झाडाला राखणारा असतो, म्हणून तिथे फळ पिकेपर्यंत थांबता येतं. आत मोकळ्या रानात झाड सगळ्यांचं. आपण आज काढलं नाही तर उद्या दुसरा काढणार, या धास्तीने कच्चीच फळं उतरवली जातात. उंच झाडावर चढणं जिवावरचं काम, म्हणून फांदीच खाली पाडली जाते. कच्च्या फळाची पत्री हलकी भरते, बी रुजत नाही, आणि फांदी गेल्याने पुढच्या वर्षीचं फळही गेलं. एका कृतीत तिहेरी नुकसान. त्यात गोळा करणाऱ्याच्या हाती फार काही पडत नाही, हेही त्यांनी सांगितलं. मला त्या फांदी पाडणाऱ्याचा राग आला नाही. पिकलेल्या पत्रीला वेगळा भाव मिळत नसेल तर त्याने का थांबावं? भाव तर माझ्यासारखी गिऱ्हाइकं ठरवतात, जी पुडी उघडूनही बघत नाहीत.

दुपारी स्वयंपाकघरात अज्जींनी एक पितळी डबी दाखवली. आत पिवळसर तपकिरी, मेणासारखं घट्ट काहीतरी होतं. पत्री काढून झाली की उरलेल्या काही बिया त्या ठेचतात, पाण्यात उकळतात. वर तेल तरंगतं, ते निवलं की गोठतं. अज्जी खोबरेल तेलात ते थोडंसं कोमट करून गुडघ्यांना चोळतात. न भरणाऱ्या जुन्या जखमेवरही लावतात, ठणका कमी होतो, जखम स्वच्छ राहते. सह्याद्रीच्या खालच्या अंगालाही या तेलाचे हेच दोन उपयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत : सांधेदुखी आणि व्रण. पत्रीचा उपयोग खोकल्यावर, कफावर. केरळातल्या वैद्यकात ती ‘पशुपाशी’ म्हणून येते, कधी जायपत्रीच्या जागी. अज्जींनी माझ्या मनगटावर बोटभर तेल लावून बघितलं. वास जवळजवळ नाही, ऊब मात्र होती.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. आपण बाळाला उगाळून देतो ते जायफळ वेगळं. रामपत्रीची बी त्याच्या जागी वापरू नये.

अज्जींच्या डबीचा धागा मुंबईपर्यंत पोचतो. रामपत्रीत ‘मलाबारिकोन’ नावाची द्रव्यं असतात. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी ती उंदरांच्या जठरातल्या व्रणांवर तपासली आणि व्रण भरून येताना दिसले. पुढे कर्करोगाच्या पेशींवरही त्यांनी काम केलं. हे प्रयोगशाळेतलं काम आहे, दवाखान्यातलं औषध नव्हे. पुडी आणून काढा पिणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. पण जुन्या व्रणावर बीचं तेल लावणाऱ्या बायका आणि जठरातला व्रण तपासणारे शास्त्रज्ञ एकाच झाडापाशी आले, याने मला भरून आलं. आणि लगेच धास्तीही वाटली. उद्या खरंच औषध निघालं आणि मागणी शंभरपट झाली, तर आतल्या रानातल्या किती फांद्या खाली येतील?

निघताना मालकांनी बारा ताज्या बिया ओल्या काथ्यात गुंडाळून दिल्या. “चार दिवसांत लावा.” रामपत्रीची बी वाळली की मरते. गहू-ज्वारीसारखी डब्यात भरून ठेवता येत नाही, बियाण्यांच्या पेढीतही टिकत नाही. तिला ठेवायची एकच जागा, ओली माती. अज्जींनी काथ्यावर आणखी एकदा पाणी शिंपडलं.

सहावा दिवस : परत दोडामार्ग

होन्नावरहून गाडीत पुडकं मांडीवर होतं. दोनदा काथ्या भिजवला. संध्याकाळी मामांच्या परड्यात पोचले. व्हाळाच्या काठाला, त्यांच्या पोफळींच्या सावलीत जागा ठरली होती. या झाडाला लहानपणी ऊन सोसत नाही. मामांनी पिकासाने बारा खळगे काढले, हातभर अंतरावर.

मी म्हटलं, एवढ्या जवळ कशाला, झाडं मोठी होतात.

“नर खंयचो, मादी खंयची, आता कोणाक कळता?” मामा म्हणाले. “आठ-धा वर्सांनी फुलली की बघूया. मगे इरळ करूया. पण नर सगळे काढूचे नाय.”

बिया आडव्या ठेवल्या, वर दोन बोटं माती, पाचोळा. मामींनी व्हाळाचं पाणी घातलं. आत्याला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अगं, त्या दुकानदाराला पिकलेली पत्री मागितली तर तो देईल का?” मला माहीत नव्हतं. पुढच्या एप्रिलला आम्ही दोघी जाऊन विचारणार आहोत.